शेवटचा अंक सोडून

परसूआप्पांनी आयुष्यात एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नाही.

नाटकं पाहिली नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. बेळगावात, खानापुरात, निपाणीत, कुठंही संगीत नाटक आहे असं कानावर आलं की पहिल्या घंटेच्या आधी परसूआप्पा खुर्चीत बसलेले असतात. नांदी सुरू झाली की त्यांची मांडी ताल धरते. पहिल्या अंकात ते नायिकेची बाजू घेतात, दुसऱ्यात खलनायकाला हळू आवाजात शिव्या घालतात, तिसऱ्यात डोळे पुसतात. मग शेवटच्या अंकाची घंटा होते. परसूआप्पा उठतात, टोपी झटकून डोक्यावर ठेवतात, "गाडी चुकंल" असं शेजाऱ्याला सांगतात आणि चालू लागतात.

ही गाडी म्हणजे खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावाला जाणारी शेवटची एसटी. आप्पा गाव सोडून बेळगावजवळ पिरनवाडीला राहायला आले त्याला एक पिढी झाली. उद्यमबागेतल्या फौंड्रीत त्यांनी नोकरी केली, निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा पुण्याला गेला. ती एसटीही कधीची बंद पडली. पिरनवाडीला आता हाक मारली तर रिक्षा येते. तरी गाडी चुकण्याची आप्पांची भीती गेलेली नाही.

मी त्यांची शेजारीण. आमच्या घरी सीमाभागाच्या पत्रकांचे गठ्ठे असत. इतर मुलं अननसातला 'अ' शिकली, मी अन्यायातला शिकले. आता मी स्वतः पत्रकं लिहिते, ती छापून आणते आणि घरोघर वाटते. मराठी शाळा, मराठी पाट्या, मराठी कागद यांवर मला काय म्हणायचं आहे ते मी स्पष्ट म्हणते. आप्पा मला नावानं हाक मारत नाहीत. "काय गं पत्रक," म्हणतात.

माझं प्रत्येक पत्रक आप्पा ओट्यावर बसून, चष्मा पुसून, ओळीवर बोट ठेवून वाचतात. शेवटचा परिच्छेद आला की घडी घालून मला परत देतात.

"आप्पा, मागणी शेवटी आहे. मागणीच वाचली नाही तर बाकीचं वाचून काय उपयोग?"

"तू काय मागणार ते मला ठाऊक हाय की. आणि ते देणार न्हाईत, ते बी ठाऊक हाय."

"म्हणून वाचायचंच नाही?"

"वर छान पेटलीयास की. तेवढ्यावरच थांबतो. उगाच विझायला कशाला?"

सभेतही तेच. भाषणं होईतो आप्पा पहिल्या रांगेत असतात, ठराव वाचायला माणूस उभा राहिला की त्यांची खुर्ची रिकामी दिसते. एकदा क्रिकेटचा अंतिम सामना बघायला अर्धी गल्ली त्यांच्या घरात जमली होती. शेवटचं षटक सुरू होताच आप्पांनी उठून टीव्ही बंद केला. "हितपत्तोर लई चांगलं झालं," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. पोरं चपला न घालता शेजारच्या घराकडं पळाली. त्यानंतर बरेच दिवस गल्ली त्यांच्याशी तुटक वागत होती. आप्पांना त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही.

नाटकांच्या शेवटांची त्यांची व्यवस्था वेगळी होती. ते शेवट त्यांच्याकडं तयार असत. राजपुत्रानं टाकलेली नायिका राजवाड्याला कडी घालून माहेरी येते आणि दुधाचा धंदा काढते. कपटी सावकाराला पश्चात्ताप होतो, पण त्याचा पश्चात्ताप कुणीच मनावर घेत नाही. दोन नायक एका मुलीसाठी तलवारी उपसतात तेव्हा ती म्हणते, "तुमचं चालू दे, मी जेवून येते."

माझी मैत्रीण दीपा कॉलेजात मराठी शिकवते आणि गाणंही शिकते. तिनं हे ऐकलं तेव्हा तिला घाम फुटला.

"आप्पा, त्या नाटकाचा शेवट असा नाही. ती शेवटी क्षमा करते."

"कुणाला?"

"राजपुत्राला."

"का?"

दीपानं तोंड उघडलं आणि मिटलं. आप्पा म्हणाले, "बघ. तुलाच पटलेलं न्हाय. तुझा शेवट तुझ्यापाशी ठेव, बाळ."

त्या दिवसापासून आप्पांना एक तरी शेवट दाखवायचाच, असं आम्ही तिघांनी ठरवलं. तिसरा प्रकाश. त्याच्याकडं गाडी आहे, म्हणून आमच्या प्रत्येक बेतात तो असतो. कोल्हापूरला एका नव्या संगीत नाटकाचा प्रयोग लागला होता. आमच्याकडं असं नाटक क्वचितच येतं. मराठीतलं पद ऐकायला मराठी माणसानं दुसऱ्या राज्यात जावं, यावर मी वेगळं पत्रक लिहिलेलं आहे, ते इथं पुन्हा लिहीत नाही. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की प्रयोग रविवारी दुपारचा होता. तो उजेडात संपणार होता आणि गाडी घरची होती. आप्पांना चुकवायला गाडीच शिल्लक नव्हती.

"शेवटापर्यंत बसायचं, आप्पा. शब्द द्या."

"बसतो की."

"शब्द."

"अगं बसतो म्हटलं न्हवं. पत्रकावर सही करू काय?"

सकाळी निघालो. प्रकाश चालवत होता, दीपा पुढं, मी आणि आप्पा मागं. आप्पा खुशीत होते. संकेश्वरापर्यंत त्यांनी आम्हाला जुन्या नाटकांची पदं ऐकवली, अर्थात सगळी पहिल्या तीन अंकांतली. निपाणीला चहाला थांबलो तेव्हा हवेत तंबाखूचा झोंबरा खाट होता. आप्पा दोनदा शिंकले आणि म्हणाले, "आता शुभशकुन झाला." कोगनोळीच्या नाक्यापलीकडं पाट्या बदलल्या. माझी मान आपोआप ताठ झाली. आप्पांनी ते बघितलं.

"आलं बघ तुझं राज्य. खाली उतरून पाया पडतीस काय?"

"चेष्टा करू नका, आप्पा."

"चेष्टा न्हाय गं. ऊस मात्र हिकडं तिकडं सारखाच दिसतोय."

नाट्यगृहात आम्ही कडेकोट बंदोबस्त केला. आप्पांना रांगेच्या मधोमध बसवलं, त्यांच्या एका बाजूला दीपा, दुसऱ्या बाजूला मी, बरोबर मागच्या रांगेत प्रकाश. आप्पा नाटकात चपला काढून बसतात. प्रकाशनं त्या पायानं ओढून स्वतःच्या खुर्चीखाली घेतल्या. अनवाणी माणूस कुठं जाणार आहे, असा त्याचा हिशेब होता.

नाटक चांगलं होतं. मंजिरी नावाची एक गायिका. तिच्या गुरूनं राजासमोर गायला नकार दिला म्हणून राजा त्याला तुरुंगात घालतो. मग राजा मंजिरीला सांगतो, दरबारात तू गा, तुझ्या गुरूला सोडतो. गुरू तुरुंगातून निरोप पाठवतो, त्याच्यासमोर गायलीस तर तू माझी शिष्या नव्हेस. तिसऱ्या अंकाच्या शेवटी दरबार भरतो, तानपुरे लागतात, मंजिरी मधोमध येऊन बसते, श्वास घेते आणि पडदा पडतो.

मध्यंतर झालं. माझ्या डोक्यात फक्त मंजिरी होती. आप्पांचे डोळे ओले होते. "लई भारी अडकवलंय पोरीला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

शेवटच्या अंकाची घंटा झाली. दिवे मंदावले. आप्पांनी पायानं चपला चाचपल्या. खुर्चीखाली वाकून पाहिलं. मग मागं वळून प्रकाशकडं पाहिलं. प्रकाशनं पडद्यावरची नजर हलवली नाही. आप्पा सरळ झाले, टोपी झटकली आणि अनवाणीच, रांगेतल्या प्रत्येकाच्या गुडघ्यावर हात ठेवून माफी मागत, बाहेर निघून गेले.

दीपा माझ्या कानाशी म्हणाली, "जाऊ दे त्यांना."

मी जाऊ देणार नव्हते. दिलेला शब्द मोडलेला मला चालत नाही, मग तो सरकारनं मोडलेला असो की शेजाऱ्यानं. आत पडदा वर जात होता आणि मी त्याच्याकडं पाठ करून बाहेर आले. मराठी रंगभूमी, तिचा प्रेक्षक आणि त्याचं कर्तव्य यावर दोन खणखणीत वाक्यं मी दारापर्यंत पोचेतो तयार केली होती.

आप्पा नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर सावली बघून बसले होते. बटणांचा छोटा फोन त्यांनी कानाला दाबून धरला होता आणि ते गात होते. मंजिरीचं दुसऱ्या अंकातलं पद. शब्द बरेचसे चुकत होते, पण चाल अगदी नेमकी होती. पद संपल्यावर त्यांनी तिसरा अंक सांगायला घेतला. दरबार कसा भरला, राजा कसा रेलून बसलाय, गुरूचा निरोप काय, मंजिरी कुठल्या रंगाची साडी नेसलीय. "आणि मग तिनं श्वास घेतला," आप्पा म्हणाले आणि थांबले.

फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "मुंद येनात?" पुढं काय झालं, असं ती कानडीत विचारत होती.

"ते तू सांगायचंस, आक्का."

 मग आवाज म्हणाला, "हे अवघड हाय रं परसू. थांब जरा. म्हस पिळायची येळ झाली. इचार करून मग फोन करते."

आप्पांनी फोन खिशात ठेवला तेव्हा मी त्यांना दिसले. मी त्यांच्या शेजारी बसले. तयार केलेली दोन्ही वाक्यं मी बोलले नाही.

"थोरली भैण माझी," आप्पा म्हणाले. "शेवंताक्का. बैलहोंगलकडं दिलीया."

मग त्यांनी सांगितलं. गावी असताना नाटकाचं वेड दोघांनाही होतं, पण घरी जनावरं आणि आजारी आई. दोघांतलं एक घरी थांबायला पाहिजे होतं. आप्पा मुलगा, म्हणून आप्पा जायचे. शेवटच्या एसटीसाठी नाटक अर्ध्यात टाकून यायचे आणि पाहिलं तेवढं आक्काला सांगायचे. पुढचं आक्का सांगायची. मग तिचं लग्न झालं. सासर कानडी. आप्पा पिरनवाडीला आले. शेवटची एसटी बंद झाली, तरी सांगणं चालू राहिलं. आधी वर्षातून एकदा, ती माहेरी आली की. घरोघरी फोन आल्यापासून नाटक चालू असतानाच.

"तिकडं तिच्याशी मराठी बोलायला कोण न्हाय," आप्पा म्हणाले. "नवरा असताना तो जरा जरा बोलायचा, आता तो बी न्हाय. पोरं, सुना, नातवंडं सगळी कानडी. ती म्हशीशी मराठी बोलती."

माझ्या अंगात काहीतरी सळसळलं असणार, कारण आप्पांनी लगेच बोट वर केलं.

"तिच्यावर पत्रक काढू नको हां. सुना चांगल्या हैत. तिला भाकरी करू देत न्हाईत, ताट हातात आणून देत्यात. भाषेचं काय, ती कुणी तिच्या तोंडातनं काढून घेतलेली न्हाय. ऐकायलाच कोण न्हाय, एवढंच."

"पण शेवट बघून मग सांगितलं तर काय होईल? तिला खरं काय झालं ते कळेल."

"एकदा केलतो तसं. टीव्हीवर एक जुनं नाटक लागलतं, शेवट बघून बसलो. तिला फोन केला, सगळं सांगितलं, आणि म्हटलं, मग पुढं काय झालं असंल सांग. ती म्हणाली, तुला ठाऊक हाय, परसू. तुझ्या आवाजात हाय ते. मग मला कशाला इचारालास? आणि फोन ठेवला." आप्पा तळपायाला लागलेले खडे झाडत म्हणाले, "तसं आमच्यात दुसरं बोलायला काय हाय? जेवलीस काय, जेवलो. पाऊस हाय काय, हाय. संपलं. ह्या नाटकावर मात्र ती चार दिवस बोलती. मला शेवट कळला की तिचं बोलणं गेलं बघ."

आत टाळ्या पडल्या. कुठल्यातरी जागेला लोकांनी 'वन्स मोअर' दिला आणि भिंतीतून एक सूर आला, अस्पष्ट पण उंच. आप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यांच्याकडं बघून मीही ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही काय दिसलो असू, त्याची मी पर्वा केली नाही. कानांवर हात ठेवल्यामुळं मंजिरी गायली की आणखी कुणी, हे आम्हाला समजलं नाही.

नाटक सुटलं. दीपा आणि प्रकाश बाहेर आले तेव्हा दोघांच्याही चेहऱ्यावर शेवट लिहिलेला होता. दीपाचं नाक लाल झालं होतं. "काय शेवट केलाय," म्हणून ती सुरू झाली आणि मी तिचा दंड धरला.

"एक शब्द बोलायचा नाही."

"अगं पण ती..."

"ती काय करते ते बोलायचं नाही. प्रकाश, तूही. आधी त्यांच्या चपला दे."

मी दोघांना बाजूला नेऊन थोडक्यात सगळं सांगितलं. प्रकाशनं चपला आप्पांच्या पायाशी अशा ठेवल्या की जणू त्या पादुकाच होत्या.

परतीच्या वाटेवर प्रकाशला बोलायला विषयच सापडेना. तो म्हणाला, "ऑर्गन छान होता." आप्पांनी संशयानं पाहिलं. "कुठल्या अंकातला?" प्रकाशनं घाईनं गाडीचा वेग वाढवला. कागल गेलं. दीपा खिडकीबाहेर बघत नकळत गुणगुणू लागली आणि ती भैरवी आहे हे माझ्या लक्षात आलं. मी तिच्या खांद्यावर थोपटलं. ती ओठ मिटून बसली. नाटक बघून येताना आम्ही एवढे गप्प कधीच बसलो नव्हतो.

निपाणी मागं पडल्यावर आप्पांचा फोन वाजला. गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू येईना, म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"परसू, ऐक," शेवंताक्का म्हणाली. नमस्कार नाही, चौकशी नाही. "ती गाती."

दीपानं मान वळवून पाहिलं.

"गाती?" आप्पा म्हणाले. "मग गुरूचा शब्द?"

"तोच सांगते की. गाती, पर राजाकडं पाठ करून बसती. तुरुंगाच्या भिंतीकडं तोंड करून. राजानं गा म्हटलं होतं. कुणाकडं बघून गा, ते कुठं म्हटलं होतं?"

"व्हय गं. ते न्हाय म्हटलं."

"मग. आणि भिंतीच्या पलीकडनं म्हातारा गुरू साथ धरतो. आवाज फुटका, पर सुरात. दरबारातली मानसं हळूहळू उठून तिकडं तोंड करून बसत्यात. प्रधान बी. शेवटाला राजाकडं समद्यांच्या पाठी. मग तो काय करणार? किल्ल्या घेऊन सोता उठला."

आप्पांनी डोळे मिटले होते. "किल्ल्या घेऊन," ते म्हणाले. "सोता."

"नोकर तरी कोण राहिलाय तिथं? समदे गाणं ऐकालेत."

प्रकाश हसला आणि ते फोनमध्ये गेलं.

"कोण हसालंय रं?"

"माझी मित्रमंडळी हैत, आक्का. ह्यांच्याच मोटारीतनं आलतो. ह्यांनी शेवट बघितलाय."

"बघितलाय?" आक्काचा आवाज बारीक झाला. "मग काय झालं म्हणत्यात?"

आप्पा ताठ बसले. मी दीपाकडं पाहिलं. चुकीचा शेवट दीपाला सहन होत नाही. परीक्षेत ती त्याचे गुण कापते.

"आक्का," दीपा म्हणाली, "तिथं वेगळं झालं. पण तुमचा शेवट त्यांच्यापेक्षा चांगला आहे. मी मनापासून सांगते."

"असणार की. म्हशीसंगट समदा इचार केलाय." आक्का जराशी हसली. मग म्हणाली, "तू बाई मराठी ग्वाड बोलतीस. कुठली गं तू?"

"बेळगावची, आक्का."

"तुला एक इचारते. तो पडदा असतो न्हवं, तो वर जातोय का बाजूला सरतोय? परसू कधी असं सांगतो, कधी तसं."

"दोन्ही प्रकारचे असतात. आजचा वर गेला."

"आणि बाई गायला लागली की तिचा गळा हलतेला दिसतोय? आपण बसलोय तिथनं?"

"पुढच्या रांगेत बसलं तर दिसतो."

"परसूनं हे कधी सांगितलं न्हाय," आक्का म्हणाली.

 बाहेर उसाच्या शेतांवर तिरपं ऊन होतं आणि प्रकाशनं गाडी बरीच हळू केली होती. फोनमधून कुणीतरी लहान मूल कानडीत आजीला बोलावत होतं. आक्कानं त्याला कानडीतच काहीतरी समजावलं. मग ती पुन्हा आमच्याकडं वळली.

"पोरी," ती दीपाला म्हणाली, "त्या तुमच्या मोटारीत मानसं किती बसत्यात?"

 आप्पा मागच्या सीटवर मधोमध ऐसपैस बसले होते. त्यांनी टोपी उचलून मांडीवर घेतली आणि ते सरकून दाराला अगदी चिकटून बसले.